नथीचा शेवटचा फेर

मनोरमाबाई भुवड हलव्याचे दागिने डिंकाने चिकटवत नाहीत, दोऱ्याने बांधतात. त्यांची ओळख करून द्यायची तर मी इथूनच सुरुवात करीन, कारण त्या स्वतःही इथूनच करतात. घरात नवीन माणूस आलं की पाणी देता देता त्या सांगतात, "बोरन्हाणाला बाळ पाटावर बसतं, गळ्यातला हार ओढतं, तोंडात घालतं. त्याच्या पोटात डिंक कशाला घालायचा?" मग आतून एक डबा आणून उघडतात. काळ्या मखमलीवर पांढराशुभ्र तन्मणी, बाजूबंद, बांगड्या, बाळकृष्णाची बासरी. साखरेच्या प्रत्येक दाण्याला बारीक काटे असतात, त्या काट्यांत दोरा अडकवून दाणा दाण्याला बांधलेला असतो. गाठ कुठे आहे ते शोधूनही सापडत नाही.

भाईंदरमध्ये गोडदेवला आमची इमारत आहे. मी तिसऱ्या मजल्यावर राहते, त्या दुसऱ्या. त्यांची मुलगी इशिता माझ्या वर्गात होती, म्हणून सगळं भुवड कुटुंब मला बाई म्हणतं. इशिता आता नाशिकला असते. घरी मनोरमाबाई आणि त्यांचे यजमान पंढरीनाथ. ते एका छापखान्यातून निवृत्त झाले. कमी बोलतात, चष्मा शोधतात आणि बायकोचं ऐकतात.

हलव्याचे दागिने मनोरमाबाईंना सासूबाईंनी शिकवले. सासूबाई संगमेश्वरकडच्या. तरुणपणी गिरगावात एका घरी कामाला होत्या, तिथल्या आजींकडून त्यांनी ही विद्या उचलली. सून घरात आल्यावर पहिल्याच पौषात त्यांनी तिला समोर बसवलं. गाठ चुकली की बोटांवर पट्टी बसायची. "तीन संक्रांती रडले मी," मनोरमाबाई सांगतात, "चौथ्या संक्रांतीला त्यांनी माझी नथ हातात घेतली आणि नुसतं हूं म्हणाल्या. त्या हूंसाठी रडले होते मी."

बऱ्याच वर्षांनी धाकट्या दिराचं, उत्तमचं लग्न झालं आणि संपदा घरात आली. तेव्हा सगळे एकाच खोलीत राहत. मनोरमाबाईंनी आपल्या या धाकट्या जावेला हार शिकवला, मुकुट शिकवला, कंबरपट्टा शिकवला. पट्टी न मारता शिकवला, हे त्या आवर्जून सांगतात. फक्त एक गोष्ट त्यांनी मागे ठेवली. नथ बांधून झाल्यावर दोन मोठ्या दाण्यांमधून दोऱ्याचा एक शेवटचा फेर घ्यावा लागतो. तो कसा घ्यायचा हे त्यांनी संपदाला कधी दाखवलं नाही. त्या फेराने नथ ताठ उभी राहते, नाकाशी डोलत नाही. संपदाची नथ सुंदर असते, पण डोलते.

"सगळं दिलं तिला," त्या मला एकदा म्हणाल्या होत्या. "एक तरी माझं असू दे की नको?"

पुढे उत्तमने वेगळं घर घेतलं. भाईंदरमध्ये वेगळं घर म्हणजे किती वेगळं? समोरच्या विंगमध्ये, तिथेही दुसऱ्या मजल्यावर. दोन विंगांमध्ये आठ फुटांची फट आहे. मनोरमाबाईंच्या कामाच्या खोलीची खिडकी आणि संपदाच्या खोलीची खिडकी एकमेकींसमोर आली. संपदाने टेबलावर कात्री उजवीकडे ठेवली आहे की डावीकडे, हे इकडून दिसतं. म्हणजे तिकडूनही दिसत असणार. त्याच आठवड्यात मनोरमाबाईंनी खिडकीला पडदा लावला. इशिताच्या लग्नात सोफ्याला घेतलेलं मरून कापड उरलं होतं, जाड आणि अस्तराचं. त्यातून सूर्यच काय, कुकरची शिट्टीही आत येणार नाही असा पडदा.

करोनाच्या वर्षात इशिताने आईला एक जुना संगणक आणून दिला आणि घरबसल्या शिकवण्या सुरू करून दिल्या. संगणकाला स्वतःचा कॅमेरा नव्हता, म्हणून स्टेशनजवळच्या दुकानातून वेगळा विकत आणला. त्याला निळा पट्टा आहे. चेहरा नव्हे, हात दिसायला हवे होते, तेव्हा मनोरमाबाईंनी तो शिलाई मशीनच्या जुन्या दिव्याच्या वाकड्या दांडीला हलव्याच्याच दोऱ्याने बांधला. खाली टेबलावर काळी मखमल, वरून कॅमेरा. व्यवस्था अगदी नेटकी.

सुरुवातीला चार-पाच बायका शिकायला यायच्या. चित्र अडखळायचं, पण सगळ्यांचंच अडखळायचं तेव्हा. नंतर समोरच्या संपदानेही वर्ग सुरू केला. ती तिशी ओलांडलेली, हसरी, वाक्यात दोन इंग्रजी शब्द सहज घालणारी. बघता बघता तिच्याकडे तीनशे बायकांचा ग्रुप झाला.

मत्सर हा शब्द मी मनोरमाबाईंसाठी जपून वापरते, कारण त्या मनाने मोठ्या आहेत. कोणाच्या बाळंतपणाला, कोणाच्या मरणाला त्या पहिल्या पोचतात. पण हा मत्सरच होता, आणि त्यांच्या प्रत्येक कामासारखा तोही व्यवस्थित होता. हलव्याचे डबे त्या दाण्याच्या आकाराप्रमाणे लावतात: खसखशीचा, तिळाचा, साबुदाण्याचा. संपदाच्या बाबतीतल्या तक्रारीही तशाच लावलेल्या होत्या. बारीक: ती बायकांना "हाय लेडीज" म्हणते. मध्यम: तिचा हार मी शिकवलेला, पण ती सांगते "आमच्या घरची पद्धत." मोठी: तिचं चित्र अडकत नाही.

या मोठ्या तक्रारीचीच ही हकिगत आहे.

गेल्या नोव्हेंबरात न्यूझीलंडमधल्या एका लहान मराठी मंडळाकडून निरोप आला. संक्रांतीआधी चार रविवार नथीचा वर्ग घ्यायचा होता, तीस-पस्तीस बायकांसाठी. मंडळाच्या मृणालिनी नावाच्या बाईंनी दोन्ही जावांचं काम कुठेतरी पाहिलं होतं. त्यांनी दोघींना अर्ध्या-अर्ध्या तासाचा नमुना वर्ग घ्यायला सांगितला. आधी मनोरमाबाईंचा झाला. मी शेजारी बसले होते.

मनोरमाबाई उत्तम शिकवतात. पण त्या "आता दोरा खालून घ्या" म्हणाल्या तेव्हा संगणकाच्या पडद्यावर त्यांचा हात अजून कात्री ठेवत होता. मग हात नाहीसा झाला आणि एकदम दुसऱ्या जागी उगवला. दोरा आत गेलेला, गाठ बसलेली. मधलं काहीच नाही.

मृणालिनी अदबीने म्हणाल्या, "मावशी, काम फार सुरेख आहे हो. पण हात मध्येच उडी मारतोय. गाठ कशी मारली ते दिसतच नाही."

"परत दाखवते," मनोरमाबाई म्हणाल्या. चार वेळा दाखवलं. चार वेळा हाताने उडी मारली.

शेवटी ठरलं, की संपदाचा वर्ग येत्या शनिवारी बघायचा आणि मनोरमाबाईंना त्याच्या पुढच्या आठवड्यातल्या रविवारी आणखी एक संधी द्यायची. "तोवर कॅमेऱ्याचं तेवढं बघता का?" मृणालिनी म्हणाल्या. बोलणं गोड होतं, पण मनोरमाबाईंचे कान लाल झाले.

शनिवारी संपदाच्या वर्गाला बाहेरच्या बायकांनाही बसायला मुभा होती. मनोरमाबाई यजमानांचा फोन घेऊन बसल्या. कॅमेरा बंद, आवाज बंद. मात्र नाव बदलायचं असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. पाचच मिनिटांत तिकडून संपदाचा आवाज आला:

"अय्या, भावोजी! तुम्हीपण नथ शिकताय? वा वा! लेडीज, हे आमचे मोठे दीर. भावोजी, जाऊबाईंना नमस्कार सांगा हां."

तीस बायका हसल्या. पंढरीनाथ तेव्हा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. संध्याकाळी उत्तमने जिन्यात गाठून "दादा, बाजूबंद कधी शिकतोयस?" असं विचारलं तेव्हा त्यांना कळलं, की आपण वर्गाला होतो.

पण मनोरमाबाईंनी फोन बंद केला नाही. पूर्ण अर्धा तास बघितलं. संपदाचा हात पाण्यासारखा वाहत होता. दोरा आत जाताना दिसत होता, ओढला जाताना दिसत होता, काट्यात अडकताना दिसत होता.

"महागाचा कॅमेरा घेतलाय तिने," त्या दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या. "सांगितलं नाही कोणाला. असं असतं."

कॅमेरा कोणता हे बघायला पंढरीनाथांना पाठवायचं ठरलं. हातात तिळाच्या वड्यांचा डबा दिला. ते अर्ध्या तासाने रिकामा डबा घेऊन परत आले.

"बघितलात?"

"बघितला."

"कसला आहे?"

"निळ्या पट्ट्याचा."

"निळ्या पट्ट्याचा म्हणजे?"

"म्हणजे आपलाच. स्टेशनजवळचाच. उत्तम म्हणाला, वहिनीने घेतला तो चांगला दिसला म्हणून आम्हीपण तोच घेतला."

मनोरमाबाईंना हे वर्मी लागलं. कॅमेरा वेगळा असता तर विकत तरी घेता आला असता. तोच कॅमेरा तिच्याकडे चालतो आणि आपल्याकडे अडखळतो, याला काय म्हणायचं? "वड्या आवडल्या का तिला?" त्यांनी जरा वेळाने विचारलं. "आवडल्या म्हणाली," पंढरीनाथ म्हणाले. "गूळ किंचित कमी, एवढंच." ते हे बोलले नसते तर बरं झालं असतं.

मी आयुष्यभर मुलांना विज्ञान शिकवलं. त्यांना सांगायचे तेच मनोरमाबाईंना सांगितलं: एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची आणि लिहून ठेवायची. मनोरमाबाईंनी इशिताची जुनी वही काढली.

सोमवारी नेटची डबी तपासली. ती शोकेसमध्ये गौरीच्या मुखवट्यांमागे होती, ती टेबलावर आणली. फरक नाही. मालिका तर त्याच नेटवर न अडखळता दिसायच्या. मंगळवारी इशिताने नाशिकहून फोनवर सांगितलं, "आई, कॅमेरा कशाला लावलायस? थेट संगणकाला की त्या चार तोंडांच्या जोडाला?" त्या जोडाला कॅमेरा, माऊस, छोटा पंखा आणि गणपतीपुढचा लुकलुकणारा दिवा असे चौघे लोंबकळत होते. "कॅमेरा एकटा काढ आणि मागच्या निळ्या भोकात लाव. चित्राला रुंद वाट लागते, तिथे गर्दी नको." तसं केलं. थोडा फरक पडला. वहीत मनोरमाबाईंनी लिहिलं: "मंगळवार. उडी लहान झाली." बुधवारी चित्राचा आकार एक पायरी कमी केला. मागचं सगळं धूसर दाखवायची सोय कोणी कधी चालू करून ठेवली होती, ती बंद केली. संगणक हलका झाला, त्याचा पंखा गप्प बसला. पण हात उडी मारतच होता.

गुरुवारी त्या कॅमेरा घेऊन दुकानात गेल्या. दुकानदाराने तो आपल्या संगणकाला लावला, स्वतःचा हात हलवून दाखवला. "आंटी, कॅमेरा तो एकदम मक्खन चल रहा है. घर में कुछ होगा."

"घर में क्या होगा? घर में हम दो ही लोग हैं," मनोरमाबाई म्हणाल्या.

मग मी म्हटलं, तुमचाच संगणक आणि कॅमेरा माझ्याकडे वर आणून बघू. पंढरीनाथ आणि मी मिळून धूड उचललं. माझ्या गॅलरीजवळच्या टेबलावर मखमल अंथरली आणि माझ्या फोनवर त्यांना कॉल लावला. मनोरमाबाईंनी एक दाणा बांधला. हात वाहिला. दुसरा बांधला. हात वाहिला.

"रविवारी इथूनच घ्या वर्ग," मी म्हटलं. "काही अडचण नाही माझी."

त्यांच्या चेहऱ्यावर आनंद आला आणि तसाच विरला. "नको बाई. चार रविवार तुमच्या घरी टेबल मांडायचं? ती म्हणेल, स्वतःच्या घरात जमेना म्हणून दुसऱ्याच्या दारी जाऊन शिकवते. म्हणणार नाही कदाचित. पण मनात तरी येईल ना तिच्या."

धूड पुन्हा खाली गेलं.

शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमारास मी त्यांच्याकडे गेले तेव्हा त्या मखमलीसमोर बसल्या होत्या. मी फोन हातात धरून चित्र बघत होते. हात उड्या मारत होता. तेवढ्यात पंढरीनाथ आत आले. चष्मा शोधत होते. खिडकीच्या कट्ट्यावर असेल म्हणून त्यांनी मरून पडदा भर्रकन बाजूला केला.

माझ्या फोनवर मनोरमाबाईंचा हात अचानक सुरळीत झाला. एक गाठ, दुसरी गाठ, बोटांवरच्या सुरकुत्यासुद्धा.

"पडदा!" मनोरमाबाई ओरडल्या. पंढरीनाथांनी दचकून पडदा ओढला. हाताने उडी मारली.

"जरा परत उघडा हो," मी म्हटलं.

"कशाला?" मनोरमाबाई म्हणाल्या.

"एकदाच."

उघडला. वाहिला. मिटला. उडी. पंढरीनाथांना हे इतकं आवडलं की त्यांनी तो पाच-सहा वेळा मागेपुढे केला, शेवटी बायकोने बघितलं तेव्हा थांबले. चष्मा त्यांच्या खिशातच होता.

इशिताला फोन लावला. ती हसली. "आई, कॅमेऱ्याला उजेड कमी पडला की तो एकेक चित्र घ्यायला जास्त वेळ लावतो. सेकंदाला तीस चित्रांच्या जागी दहाच घेतो. त्यात तू काळी मखमल अंथरलीस. बिचारा चाचपडतोय अंधारात. तू पडदा का लावतेस पण दिवसाढवळ्या?"

"धूळ येते," मनोरमाबाई म्हणाल्या.

पंढरीनाथांनी खिशातला चष्मा काढून पुसायला घेतला. त्या दिवशी खोलीत आम्हा तिघांना एकच गोष्ट कळलेली होती आणि कोणी ती उच्चारणार नव्हतं. सहा वर्षं एका फेरासाठी लावलेला पडदा आता त्यांच्याच हाताच्या आड आला होता.

पडदा उघडायचा नाही म्हणून त्यांनी त्या दोन दिवसांत काय काय केलं! इशिताच्या सांगण्यावरून कॅमेऱ्याची, अंधारात चित्र उजळवण्याची सोय बंद केली. हात वाहू लागला, पण अमावस्येला वाहणाऱ्या नदीसारखा. पांढरे ठिपके हलताना दिसत, बोटं दिसत नव्हती. गोल दिवा उसना आणला. त्याचा झोत साखरेच्या काट्यांवर पडला की सगळी नथ एक पांढरा गोळा दिसायची. पिवळ्या बल्बचा टेबललॅम्प जवळ आणला, तर उष्णतेने हलव्याला घाम सुटला आणि दाणे बोटांना चिकटू लागले. काचेला पांढरा कागद चिकटवला. आठ फुटांच्या फटीतून उजेड येतोच किती, त्यातला निम्मा कागदाने खाल्ला. प्रत्येक प्रयोग वहीत लिहिला. शनिवारी संध्याकाळी त्यांनी वही माझ्यापुढे ठेवली. शेवटच्या ओळीत फक्त एवढंच होतं: "खिडकी."

"बाई, तुम्हीच सांगा," त्या म्हणाल्या. "फेर दाखवला नाही तर नथ डोलेल. मग माझ्या आणि तिच्या नथीत फरक काय? आणि दाखवला तर ती समोर बसलेली. एकदा बघितलं की उचलेल. हुशार आहे मेली."

पहिल्यांदाच त्या तिला हुशार म्हणाल्या. मी वही मिटून परत दिली. सल्ला द्यावा असं ते वय नव्हतं, ना त्यांचं ना माझं.

रविवारी पावणेअकराला मी गेले तेव्हा पडदा उघडा होता. पूर्ण नव्हे, दोन हात. डिसेंबरातलं ऊन फटीतून तिरकं उतरून टेबलाच्या कडेवर आलं होतं. समोरच्या खिडकीत संपदा बसली होती. तिच्या कट्ट्यावर कागद पसरलेला, त्यावर ताजा हलवा वाळत होता आणि ती त्यातले मोडके दाणे वेचत होती. पडदा उघडा बघून तिचा हात थांबला. तिने हसून मान हलवली. मनोरमाबाईंनी न हसता मान हलवली.

अकराला मृणालिनी आल्या. तिकडे संध्याकाळ होती. पाच बायका, प्रत्येकीपुढे तार, दोरा, हलवा.

"मावशी, आज किती छान दिसतंय!" मृणालिनी म्हणाल्या.

"हो का?" मनोरमाबाई म्हणाल्या, जणू रोजच दिसतं.

त्यांनी तार वाकवली, पहिला दाणा बांधला, दुसरा बांधला. बायका विचारत होत्या, त्या सांगत होत्या. "ओढू नका, नुसता बसवा. काट्याला दोरा आपोआप सापडतो. तुमची घाई त्याला कळते." त्या वीस मिनिटांइतकं सुखात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मग दोन मोठे दाणे बसले आणि शेवटचा फेर आला.

मनोरमाबाईंनी मान वर केली. समोर संपदा दाणे वेचायची थांबली होती. सरळ टेबलाकडे बघत होती, लपवाछपवी न करता.

मनोरमाबाईंनी खुर्ची किंचित फिरवली. डावा खांदा पुढे आला, पाठ खिडकीकडे झाली. आता समोरून काही दिसणं शक्य नव्हतं. पण टेबलावरचं ऊनही पाठीनेच अडवलं. मखमल काळोखी झाली.

"मावशी, परत अडकलं," मृणालिनी म्हणाल्या. "हात थांबला तुमचा."

थांबलाच होता खरा. कॅमेऱ्यातही आणि टेबलावरही. दोरा दोन बोटांत तसाच. तिकडे पाच बायका वाट बघत होत्या आणि इकडे खांदा हलत नव्हता. पंढरीनाथ दारात उभे होते. मला वाटलं, त्या आता म्हणतील, की बाकीचं पुढच्या वेळी.

मग त्यांनी खुर्ची पुन्हा सरळ केली. ऊन टेबलावर आलं.

"नीट बघा," त्या म्हणाल्या. कोणाला म्हणाल्या, हे मी सांगू शकत नाही. "दोरा बाहेरून नाही घ्यायचा. आतून. मोठ्या दाण्याच्या पोटाखालून आत न्यायचा, तारेला एक वळसा, आणि आला तसाच परत. असा. गाठ मागे लपते. परत दाखवू?"

"दाखवा," मृणालिनी म्हणाल्या.

त्यांनी परत दाखवलं. आणि मग, कोणी न सांगता, तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा नथ बोटावर धरून हलवली. ती ताठ उभी राहिली. पाची बायकांनी टाळ्या वाजवल्या.

कॉल संपल्यावर त्या उठून पडदा ओढायला गेल्या. संपदा तिकडे खिडकीच्या गजांना धरून उभी होती.

"जाऊबाई!"

"काय?"

"आतून घेता होय! मी इतकी वर्षं बाहेरून घेतेय."

"मग? बघितलंस ना आता?"

"बघितलं होतं आधीपण," संपदा म्हणाली. "सासूबाई आजारी होत्या ना, तेव्हा एकदा दाखवला होता त्यांनी. हात कापत होते त्यांचे, मला नीट कळला नाही. परत दाखवा म्हटलं, तर म्हणाल्या, हा मनोरमेकडून मागून घे. तिला चांगला बसलाय."

खाली फटीत कोणीतरी बादली आपटली. मनोरमाबाईंच्या हातात पडद्याची कड होती.

"मग मागितला का नाहीस?"

"तुम्ही दिला नाहीत, मी मागितला नाही." संपदा हसली, पण नेहमीसारखं नाही. "मला वाटलं, मी मागायला आले आणि तुम्ही नाही म्हणालात तर? आणि पडदा लागल्यावर तर विचारायचं कामच उरलं नाही."

मनोरमाबाईंनी पडद्याची कड सोडली. मग म्हणाल्या, "कधी दाखवला त्यांनी तुला? मी तर रोज तिथेच होते."

"तुम्ही औषधं आणायला गेला होतात."

"हं," मनोरमाबाई म्हणाल्या.

त्या आत आल्या, खुर्चीवर बसल्या, मखमलीवरचे सांडलेले दाणे गोळा करू लागल्या. मला वाटलं, डोळ्यांत पाणी येईल. तसं काही झालं नाही. "बघितलंत बाई?" त्या म्हणाल्या. "मला पट्टी मारून शिकवला. तीन संक्रांती. आणि हिला जवळ बसवून, औषधाला पाठवून मला! म्हातारीचा जीव तिच्यावरच जास्त होता. मला आधीपासून माहीत होतं."

"पण तुम्हाला चांगला बसलाय म्हणाल्या ना," पंढरीनाथ दारातून म्हणाले.

"ते माझ्या तोंडावर म्हणायला काय झालं होतं? मला नुसतं हूं."

मंगळवारी मृणालिनींचा निरोप आला. चार रविवार मनोरमाबाईंनाच दिले होते. मनोरमाबाई दोन वाट्या वड्या घेऊन माझ्याकडे वर आल्या. गूळ या वेळी जास्त होता. त्यातली एक वाटी मला दिली, दुसरी हातात तशीच धरून त्या बराच वेळ इकडचं तिकडचं बोलत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "ही समोर नेऊन द्याल का तुम्ही? मी गेले तर तिला वाटेल, जिंकले म्हणून मिरवायला आले."

"आणि तसं नाहीये?"

"थोडं आहे," त्या प्रामाणिकपणे म्हणाल्या. मग वाटी घेऊन स्वतःच गेल्या.

चारही रविवार पडदा उघडा राहिला, कारण कॅमेऱ्याला उजेड लागतो. दुसऱ्या आठवड्यात मी सहज डोकावले तेव्हा बुधवार होता, वर्ग नव्हता, तरी पडदा उघडाच होता. मनोरमाबाई खिडकीशी उभ्या होत्या, कपाळावर आठ्या. समोर संपदा खाली मान घालून नथ बांधत होती. तिची बोटं लांब आहेत, दोरा तिच्या हातात सहज फिरतो. मनोरमाबाई ते ज्या नजरेने बघत होत्या ती नजर मी वर्गात फार पाहिली आहे. पहिला नंबर असलेली मुलगी दुसऱ्या नंबरच्या वहीकडे तशी बघते.

"शेवटच्या फेरावर आली," त्या माझ्याकडे न बघता पुटपुटल्या.

संपदाने दोरा आतून नेला, तारेला वळसा दिला. परत आणताना तिच्या बोटांतून तो किंचित सैल सुटला.

मनोरमाबाईंनी गजांवर बांगड्या आपटल्या. "अगं ढिला सोडलास! काढ तो. परत घे. आतून, आतून!"

समोरून संपदाने दोरा काढला आणि परत घेतला. नथ बोटावर धरून तिने इकडे दाखवली. ती ताठ उभी होती.

मनोरमाबाईंनी ती नीट निरखली.

"हूं," त्या म्हणाल्या, आणि कुकर बघायला आत गेल्या.